गणपतीआधी पुन्हा तोच तांबडा ओघळ: नक्षीच्या ग्रिलचा गंज मुळापासून कसा काढला

आमच्या माजघराच्या पश्चिमेकडच्या खिडकीला नक्षीची लोखंडी ग्रिल होती. मधोमध मोर, दोन्ही बाजूंना पट्टी वळवून केलेल्या वेली. सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा गावातल्याच वेल्डरकडून करून घेतलेली. घर रत्नागिरीजवळ, समुद्र जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. या ग्रिलला आम्ही सलग चार वर्षं मे महिन्यात रंग दिला, आणि चारही वर्षं गणपतीची साफसफाई काढली की खिडकीखालच्या पांढऱ्या भिंतीवर तांबडा ओघळ उतरलेला असायचा. दर वेळी डाव्याच कोपऱ्यातून.

करायचो ते असं: पॉलिश पेपरने घासायचं, सुटलेले पापुद्रे पत्रीने खरवडायचे, रेड ऑक्साईडचा एक हात, त्यावर काळ्या ऑइल पेंटचे दोन हात. रंगारी मन लावून काम करणारा होता, रंगही हलका नव्हता. तरी पाऊस लागून दोन महिने होतात न होतात तोच रंगाखाली फोड यायचे. पाचव्या वर्षी रंगाचा डबा आणण्याआधी मी एक अख्खी सकाळ नुसती बघण्यात घालवली. त्या सकाळी जे कळलं आणि पुढे जे केलं ते सगळं लिहिते आहे. मुंबई-ठाण्यापासून वेंगुर्ला-पणजीपर्यंत ही तक्रार घरोघरी आहे, आणि दरवर्षी रंगावर पैसे घालणारी माणसं पाहिली की जीव हळहळतो.

आधी बघा, गंज सुरू कुठे होतो

ओघळ दिसतो तिथेच गंज असतो असं नाही, तो वरून वाहत आलेला असतो. म्हणून टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर आणि पाण्याचा तांब्या घेऊन खिडकीशी बसले. ग्रिलच्या वरच्या पट्टीवर हळूहळू पाणी सोडलं आणि ते कुठून जातं, कुठे अडतं ते पाहत राहिले. उभ्या गजांवरून पाणी सरळ खाली गेलं. मोराच्या पिसाऱ्यावरून आलेलं पाणी मात्र वेलीच्या वळणात शिरलं. वेलीची गोल पट्टी खालच्या आडव्या पट्टीला जिथे टेकते तिथे बोटाचं पेर मावेल एवढी खोबण झाली होती. पाणी तिथे साचलं. मी आत जाऊन चहा करून आले तरी ते तिथेच होतं. बाकीचं पाणी डाव्या कोपऱ्यात गेलं, कारण आडवी पट्टी त्या बाजूला किंचित उतरलेली होती. तिथून ते खिडकीच्या बुडाशी बसवलेल्या कडप्प्याच्या दगडावर पडलं. कडप्प्याचा उतार बाहेरच्या बाजूला हवा, आमचा सरकत्या खिडकीच्या ट्रॅककडे होता. म्हणजे पाणी बाहेर न पडता गजांच्या बुडाशी उभं राहत होतं, आणि ग्रिलची सर्वात खालची पट्टी कडप्प्याला इतकी चिकटून होती की मध्ये कापड घालून पुसायचीही सोय नव्हती.

मग डाव्या कोपऱ्यातल्या गजाच्या बुडाला स्क्रू ड्रायव्हर टोचला. वरून रंग धड दिसत होता. टोचल्याबरोबर तो पापडासारखा फुटला आणि आतून तपकिरी थर निघाले, भिजून वाळलेल्या वहीच्या पानांसारखे एकाला एक चिकटलेले. त्याच्या खाली पांढरं, भुसभुशीत काही लागलं. पीओपी. घराला रंग देताना कधीतरी गज आणि कडप्पा यांच्यातली फट पीओपीने बुजवून वरून रंग ओढला होता.

हे फार जणांकडे होतं, म्हणून नीट सांगते. सिमेंटचा माल अल्कधर्मी असतो आणि त्यात पुरलेलं लोखंड त्यामुळे बराच काळ टिकतं. पीओपी म्हणजे जिप्सम. ते लोखंडाला असं कुठलंच संरक्षण देत नाही, उलट पाणी शोषून धरून ठेवतं. लोखंडाच्या बुडाला कायमचं ओलं फडकं गुंडाळल्यासारखंच ते. "बारीकशी फट आहे ताई, पीओपी मारून देतो" असं कुणी म्हणालं तर त्याला तिथेच थांबवा.

वरच्या बाजूचं कोडं सासूबाईंमुळे सुटलं. छज्ज्याच्या आडोशाला असलेला ग्रिलचा वरचा भाग पावसात भिजत नाही, तरी तिथेही रंगाला बारीक फोड होते. ते कसे, हे मला कळेना. त्यांनी तिथे बोट फिरवलं, दोन बोटं एकमेकांवर चोळली आणि म्हणाल्या, "चिकट लागतंय बघ. पंख्याच्या पात्यांवर बसतो तो खार आहे हा."

अगदी तेच होतं. समुद्रावरचा वारा रोज दुपारी बारीक मीठ घेऊन येतो. उघड्यावरच्या भागाचं मीठ पावसाने निदान चार महिने धुतलं जातं, आडोशाचा भाग आणि ग्रिलची आतली बाजू कधीच धुतली जात नाही. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे पाऊस नसतानाही लोखंड दमट राहतं. आणि मीठ रंगाखाली कोंडलं तर ते रंगाच्या थरातूनही पाणी खेचतं, म्हणून फोड येतात. कोरड्या पॉलिश पेपरने मीठ जात नाही, लोखंडाच्या खड्ड्यांत आणखी चोळलं जातं. आम्ही दर मे महिन्यात आठ महिन्यांचा खार रंगाखाली बंद करत होतो. रंगाऱ्याची चूक नव्हती, रंगाचीही नव्हती. पाण्याने धुण्याची पहिली पायरीच आम्ही कधी केली नव्हती.

त्यात गंजाचा स्वभाव असा की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो. तो फुगतो, रंग उचलतो, नवीन फट तयार करतो आणि पाण्याला आणखी आत बोलावतो. आमच्या कडप्प्याचा डावा कोपरा त्या फुगण्यानेच तडकला होता.

तुमच्याकडे खुणा वेगळ्या असतील तर कारणही वेगळं असेल. नव्या ग्रिलवरून रंगाची मोठी खपली निघाली आणि खपलीच्या मागे निळसर काळा थर चिकटलेला दिसला, तर कारखान्यातून गज येतो तेव्हाची त्यावरची काळी खपली न काढता रंग दिलेला आहे. गंज फक्त सांध्यांवर असेल तर वेल्डिंगनंतरची काचेसारखी खपली हातोडीने झाडलेली नाही, किंवा पूर्ण वेल्डिंग न करता नुसते टाके मारले आहेत आणि मधल्या फटीत पाणी जातं आहे. लेझर कटिंगच्या जाळीला कडेकडेनेच रंग सुटत असेल तर धारदार कडेवर रंग पातळ बसलेला असतो. शिवाय ऑक्सिजनवर कापलेल्या लोखंडाच्या कडेला ऑक्साईडचा थर येतो, तो घासून काढला नसेल तर त्याच्यासकट रंग निघतो. जस्ताच्या मुलाम्यावरचा ऑइल पेंट केळीच्या सालीसारखा निघत असेल तर मधला प्रायमर चुकला आहे. आणि लोखंडी ग्रिल जिथे अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीला टेकते तिथे पांढरी भुकटी आणि खड्डे दिसले तर तो दोन धातूंचा आपसातला झगडा आहे: ओल आली की अ‍ॅल्युमिनियम झिजतं. मध्ये नायलॉनचा किंवा रबराचा तुकडा घालून दोघांना वेगळं केलं की ते थांबतं.

ठेवायची की काढायची

गंज खरवडून काढल्यावर उरलेल्या गजाची जाडी मोजा. व्हर्निअर नसेल तर फॅब्रिकेटरकडे असतो. १२ मिलिमीटरचा चौकोनी गज चारही बाजूंनी झिजून ८ मिलिमीटरवर आला, तर डोळ्यांना एक तृतीयांशच गेलेला दिसतो, पण आडव्या छेदातलं लोखंड शंभरातलं ४४ उरलेलं असतं. अशा गजाला रंग देऊन उपयोग नाही. सगळा गज चांगला आणि फक्त बुडाचे दोन-तीन इंच गेले असतील तर तेवढा तुकडा बदलून पूर्ण वेल्डिंग करता येतं.

ग्रिल ठेवण्यासारखी असेल तर दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी साबणाचं पाणी आणि नायलॉनचा ब्रश घेऊन ग्रिल दोन्ही बाजूंनी धुवा, मग गोड्या पाण्याने दोन वेळा खळखळून. वाळल्यावर घासा. ग्राइंडरला तारेचा कप ब्रश लावला तर काम लवकर होतं, वेलीच्या आतल्या वळणांसाठी मात्र हातब्रश आणि चिकाटीच लागते. चश्मा आणि मास्क घालाच. घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा आली ती नोव्हेंबर २०१७ पासून, त्याआधीच्या थरांत शिसं किती असेल सांगता येत नाही. लहान मुलं आणि गरोदर बाई असेल तर त्या दिवशी त्यांना त्या खोलीत येऊ देऊ नका, आणि धूळ झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा. घासून झाल्यावर पुन्हा एकदा धुवा, कारण गंजाच्या थरात अडकलेलं मीठ आता उघडं पडलेलं असतं. हे दुसरं धुणं कंटाळवाणं वाटतं आणि नेमकं तेच सगळे टाळतात.

खड्ड्यांत गंज उरतोच. त्यावर टॅनिक किंवा फॉस्फरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर लावा, तो भाग काळा पडतो. डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण जाऊ द्या. मग प्रायमर. समुद्राजवळ मी एक पॅक रेड ऑक्साईडऐवजी दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर घ्यायला सांगेन. पहिला हात सगळीकडे ओढण्याआधी बारीक ब्रशने फक्त कडा, सांधे आणि वेलीची वळणं रंगवून घ्या. ओला रंग धारेवरून मागे सरतो आणि तिथे थर पातळ राहतो, म्हणून कडांना एक हात जास्तीचा. इपॉक्सी उन्हात भुकटीसारखा होतो, तेव्हा वर पीयूचे (पॉलियुरेथेन रंगाचे) किंवा चांगल्या इनॅमलचे दोन हात हवेत.

आणि हे मे महिन्यात करू नका. आमच्याकडे मे महिन्यात घाम पुसता पुसता रंग द्यावा लागतो, हवेत ओल मावत नाही, आणि वळवाचा पाऊस कधी गाठेल सांगता येत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. सकाळी लोखंडावर दव असतं, म्हणून दहानंतर सुरू करून चारच्या आत थांबायचं.

खोबणी आणि फटी रंगाने बुजत नाहीत. खोबण असेल तर तिथे वेल्डिंगने भर द्या, किंवा खालून ६ मिलिमीटरचं भोक पाडून पाण्याला वाट करून द्या. बुडाचं पीओपी छिन्नीने पूर्ण काढा, सिमेंटचा माल भरा, आणि गजाभोवती माल थोडा उंचवटा करून बाहेर उतरता ठेवा. माल वाळल्यावर गजाच्या कडेने पीयू सीलंट किंवा न्यूट्रल सिलिकॉन. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन इथे चालत नाही, त्यातलं आम्ल लोखंडालाही खातं आणि सिमेंटला धरतही नाही.

आमची ग्रिल मात्र वाचण्यासारखी नव्हती. चार गज बुडाशी ८ मिलिमीटरच्या खाली आले होते आणि खालची पट्टी हाताने वाकत होती. मोर धड होता. "बाकीचं काय ते कर, मोर ठेव," एवढंच सासूबाई म्हणाल्या. त्या एका वाक्याने पुढची सगळी रचना ठरली.

नवी ग्रिल: नक्षी वेगळी, गज वेगळे

जुन्या ग्रिलमध्ये सुरक्षेचे गज आणि शोभेची नक्षी एकत्र वेल्ड केलेली असायची. त्यामुळे नक्षीत पाणी साचलं की गज जातो आणि नक्षी धुवायची तर अख्खी ग्रिल काढावी लागते. आम्ही दोन्ही सुटं केलं. बाहेर साध्या उभ्या गजांची ग्रिल, आणि तिच्या आतल्या बाजूला मोराची चौकट, चार बोल्टवर. चोराला अडवायचं काम गजांचं, मोर नुसता मोर. आता ग्रिल नव्याने करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते, नक्षी कोणतीही असो.

गजांचा हिशेब असा केला. खिडकी १.२ मीटर बाय १.२ मीटर. १२ मिलिमीटरचे ११ चौकोनी गज लावले की मधली मोकळी जागा ८९ मिलिमीटर येते. लहान मूल असलेल्या घरात ही जागा १०० मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नये, डोकं अडकू शकतं. आणि खालच्या भागात आडव्या पट्ट्या टाळा, मुलं त्यांची शिडी करतात. ग्रिल किलोवर विकली जाते, म्हणून वजन आधीच काढून ठेवलं. १२ मिलिमीटर चौकोनी गज मीटरला १.१३ किलो, १० मिलिमीटरचा ०.७८५ किलो, २५ बाय ५ ची पट्टी जवळजवळ १ किलो. आमचे गज १३.२ मीटर, म्हणजे १५ किलोच्या आसपास, आणि चौकटीची पट्टी पावणेपाच किलो. १० मिलिमीटर घेतला असता तर साडेचार किलो वाचले असते, पण खाऱ्या हवेत तीच जाडी पुढची शिल्लक असते. हा कागद घेऊन गेलं की काट्यावर वाद होत नाही.

धातू कोणता, यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. दुकानात "एसएस (स्टेनलेस स्टील) आहे, गंजायचं नावच नाही" असं सांगतात आणि चुंबक लावून दाखवतात. २०२, ३०४, ३१६ हे एसएसचे ग्रेड. चुंबक चिकटला नाही म्हणजे माल ३०४ आहे असं मुळीच नाही. २०२ लाही चुंबक जवळपास चिकटत नाही; त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं आणि समुद्राजवळ त्यावर पहिल्याच वर्षी तपकिरी ठिपके येतात. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, ३१६ मध्ये त्यावर २ टक्क्यांच्या आसपास मॉलिब्डेनम, आणि मिठाला तोंड देतं ते हे मॉलिब्डेनम. एसएसच घ्यायचं असेल तर समुद्राजवळ ३१६ आणि बिलावर ग्रेड लिहून. पुण्या-नाशिकला ३०४ पुरे. ओतीव अ‍ॅल्युमिनियमची नक्षी सुबक दिसते आणि तिला तांबडा गंज येत नाही. सुटी चौकट म्हणून ती उत्तम, पण चोराला अडवण्यासाठी तिच्यावर विसंबू नका.

आम्ही साधं लोखंड घेऊन त्याला वितळलेल्या जस्तात बुडवून घेतलं, म्हणजे हॉट डिप गॅल्व्हनाइझिंग. साधारण ४५० अंशांवरच्या जस्तात सगळी ग्रिल बुडते, आतल्या कोपऱ्यांतही जस्त पोचतं आणि एवढ्या जाड गजावर सरासरी ८५ मायक्रॉनचा थर बसतो. चकचकीत झिंक प्लेटिंगचे स्क्रू मिळतात त्यांच्यावरचा थर याच्या तुलनेत अगदीच पातळ असतो, ते बाहेर वापरू नका. गॅल्व्हनाइझिंगसाठी काम घाटावर पाठवावं लागलं, तीन आठवडे गेले. त्याआधी काही गोष्टी करून घ्याव्या लागतात. सगळी भोकं आधीच पाडायची, कारण नंतर पाडलेल्या भोकात जस्त नसतं. सांधे पूर्ण वेल्ड करायचे, नाहीतर बुडवण्याआधी लोखंड साफ करायला वापरतात ते आम्ल फटीत अडकून मागाहून झिरपतं. पोकळ पाइप असेल तर दोन्ही टोकांना हवेसाठी भोकं लागतात. बंद पाइप जस्तात बुडवला तर आतल्या वाफेने फुटू शकतो. आणि जुना रंग तिथल्या आम्लाने जात नाही, म्हणून मोर आधी सँडब्लास्टिंगला दिला.

ब्लास्टिंगहून आलेला मोर मी कधी विसरणार नाही. तीस-पस्तीस वर्षांचे रंगाचे थर गेल्यावर पिसाऱ्याच्या प्रत्येक पट्टीवर हातोडीच्या ठोक्यांच्या बारीक खुणा दिसू लागल्या. वेल्डरने प्रत्येक पीस ऐरणीवर ठोकून टोकाकडे निमुळतं केलं होतं. रंगाखाली ते कुणाला दिसलंच नव्हतं.

पावडर कोटिंगही चांगलं, पण ते १८० ते २०० अंशांच्या भट्टीत भाजलेलं असतं. घरी आणून त्यावर वेल्डिंग केलं किंवा भोक पाडलं की तिथून पाणी थराखाली शिरतं आणि मोठी खपली सुटते. समुद्राजवळ साध्या लोखंडावर नुसतं पावडर कोटिंग पुरत नाही, खाली जस्त हवं. आम्ही मोरावर जस्ताला चालणारा एच (etch, म्हणजे गुळगुळीत जस्ताला धरून राहणारा) प्रायमर देऊन वर निळा-हिरवा रंग दिला. गज जस्ताच्या रंगाचेच ठेवले.

बसवताना

नवी ग्रिल बसवण्याआधी कडप्पा काढून पुन्हा बसवला. सहा इंच रुंदीला ७ मिलिमीटर उतार, बाहेरच्या बाजूला. भिंतीच्या बाहेर एक इंच पुढे, आणि त्या पुढे आलेल्या भागाला खालून एक बारीक खाच, म्हणजे पाणी खाचेशी गळून पडतं, भिंतीवरून ओघळत नाही.

माप वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी घ्या, आणि दोन्ही कर्ण मोजा. आमच्या खिडकीचे कर्ण ११ मिलिमीटरने चुकत होते. जुन्या घरात हे नेहमीचं आहे. सर्वात कमी मापातून दोन्ही बाजूंना ५-५ मिलिमीटर सोडून ग्रिल करून घेतली. सरकत्या खिडकीची मूठ ग्रिलला किंवा नक्षीच्या चौकटीला लागत नाही ना, ते पुठ्ठ्याचा साचा लावून आधीच बघा.

ग्रिल बाजूच्या भिंतींत धरा, खाली कडप्प्यात एकही भोक नको. कडप्प्यातलं प्रत्येक भोक पाणी आत घेतं आणि वर्षभराने खालच्या खोलीच्या भिंतीला ओल येते. खालची पट्टी कडप्प्यापासून एक इंच वर ठेवा, पुसायला हात जातो आणि पाणी अडत नाही. ट्रॅकच्या बाहेरच्या अंगाला पाणी जायच्या बारीक खिडक्या असतात. त्यांच्यासमोर सिलिकॉन लागणार नाही हे फिटरला आधीच दाखवा, कारण तो सवयीने सगळीकडे गन फिरवतो.

आमची भिंत जांभ्या चिऱ्याची. चिऱ्यात फुगणारा अँकर धरत नाही, आवळताना कडा सुटते, आणि प्लॅस्टिकची गिट्टी वर्षभरात सैल होऊन ग्रिल वाऱ्याने वाजायला लागते. खडखड ऐकून लोक स्क्रू आवळत राहतात आणि भोक मोठं होत जातं. चिऱ्यात आणि सिपोरेक्सच्या भिंतीत केमिकल अँकर वापरा. ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडायचं, ब्रश फिरवून आणि हवा मारून धूळ पूर्ण काढायची, जाळीची नळी घालायची, मग रसायन आणि सळी. धूळ राहिली तर सगळं वाया. बाहेरच्या कडेपासून निदान तीन इंच आत, प्रत्येक बाजूला चार अँकर. विटेची जुनी भिंत असेल तर होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) सिमेंट काँक्रीटमध्ये पुरण्याची आपली पद्धत आजही भक्कम आहे.

बोल्ट एसएसचे, जस्ताला थेट टेकू नयेत म्हणून नायलॉनचे वॉशर आणि नळी. नट आतून नायलॉनची कडी असलेला, म्हणजे वाऱ्याच्या हादऱ्याने सुटत नाही. मोराची चौकट आणि गज यांच्यात १० मिलिमीटरचे रबराचे तुकडे ठेवले, त्यामुळे दोन्हींत पाणी अडत नाही आणि आवाजही येत नाही.

एक गोष्ट मी कुणाशीही वाद घालून करून घेईन: घरातल्या एका तरी ग्रिलला उघडणारा भाग, माणूस बाहेर पडेल एवढा, आणि त्याची किल्ली आतून सगळ्यांच्या हाताला येईल पण बाहेरून पोचणार नाही अशा जागी. आग लागली की पक्क्या ग्रिलच्या आत माणसं अडकतात. फ्लॅटमध्ये बाहेर काढलेली बॉक्स ग्रिल करणाऱ्यांनी तर हे आधी ठरवावं, आणि सोसायटीची परवानगीही.

दोन पावसाळ्यांनंतर

दोन गणपती झाले, खिडकीखालची भिंत पांढरी आहे. पहिल्या पावसाळ्यात एका गजावर तांबडे ठिपके दिसले तेव्हा धस्स झालं होतं. बघितलं तर फिटरने लांब झालेली सळी तिथेच ग्राइंडरने कापली होती आणि ठिणग्या जस्तावर चिकटल्या होत्या. नायलॉनच्या ब्रशने घासून, धुऊन, वाळवून वर जास्त जस्ताचा कोल्ड गॅल्व्हनाइझिंगचा रंग दिला, पुन्हा आले नाहीत. कापाकापी खिडकीपासून दूर, अंगणात करायला सांगा. जस्तावर कधी पांढरट भुकटी दिसली तर तिथे ओल अडकते आहे असं समजून ती कुठे अडकते ते शोधा.

रंग आता लागत नाही, धुणं मात्र लागतं. दिवाळीच्या साफसफाईत, होळीच्या सुमाराला आणि पाऊस लागायच्या आधी एकदा, गोड्या पाण्याने, आडोशाच्या भागाला आधी. १३ नंबरच्या पान्याने चार बोल्ट काढले की मोर खाली येतो. सासूबाई तो अंगणात तुळशीपलीकडच्या पायरीवर टेकवून स्वतः धुतात, जुन्या दात घासायच्या ब्रशने, पिसामागून पीस. पुन्हा चढवायला दोन माणसं लागतात, मोर साडेसहा किलोचा आहे.